वीस मिलीमीटरचा बुश

बाबा, तुमचं बरोबर होतं हे मान्य करायला मला बत्तीस वर्षं लागली. पूर्ण बरोबर नव्हतं, ते पुढे सांगणारच आहे, पण जेवढं होतं तेवढं आधी कबूल करून टाकते. नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून "मुद्द्यावर या" म्हणाल, आणि तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली तरी त्या वाक्याला मी अजून घाबरते.

मी नाटक लिहिते आहे. दोन अंकी, दोन पुरुषांचं. एकाच कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेले दोन मित्र, एक लेथवर धातू कातणारा, दुसरा त्याचं काम तपासणारा. त्यांचं बिनसतं आणि शेवटच्या प्रवेशात ते पुन्हा बोलायला लागतात. हे दोघं कोण ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या महिन्यात पहिलं वाचन झालं. वाचणारी दोन मुलं तिशीच्या आतली, दिवसा आयटीत आणि संध्याकाळी नाटकात. पहिला अंक बरा गेला. शेवटच्या प्रवेशात माझा तपासनीस मित्राचा हात धरतो आणि म्हणतो, "तुझं काम मी इतकी वर्षं बघतोय. तुझ्याइतकं नेटकं काम करणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, ही माझी चूक झाली." हे वाचताना त्या मुलाचा आवाज बारीक बारीक होत गेला. दुसऱ्याने आपलं उत्तर कागदात तोंड खुपसून वाचलं. मग पहिला म्हणाला, "ताई, एक विचारू? हे दोघं एकमेकांच्या प्रेमात आहेत का? असतील तर भारीच, आम्ही तसं करू. फक्त आधी क्लिअर करा."

त्याने हे चेष्टेने विचारलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, तसे असते तर मी तसंच लिहिलं असतं, लाजले नसते. पण हे तसे नाहीत. मित्र आहेत, बस्स. त्याने मान डोलावली, पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आणलं आणि विचारलं, "मग असं कोण बोलतं?" महिन्याने शनिवारी नवा प्रवेश आणते, तो जमला नाही तर नाटक कपाटात जाईल, असं सगळ्यांसमोर बोलून बसले. बोलले म्हणजे बोलले. तेवढा हट्ट तुमच्याकडून आलाय.

घरी येताना तुमचंच बत्तीस वर्षांपूर्वीचं वाक्य कानात. मी वीस वर्षांची आहे, कॉलेजच्या स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली आहे, त्यात दोन मित्र स्टेशनवर निरोप घेताना पानभर बोलतात. शनिवार पेठेतल्या आपल्या त्या दोन खोल्यांच्या जागेत आई पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही ओट्याला टेकून, उभ्यानेच, माझी वही वाचता आहात. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघते आहे. तुम्ही शेवटचं पान वाचलं, वही बंद केली, ओट्यावर पीठ सांडलेलं नाही ना हे बघून खाली ठेवली आणि म्हणालात, "मिशा लावलेल्या बायका आहेत या. पुरुष कुठायत?" आणि डबा घेऊन कंपनीची बस गाठायला निघून गेलात. आई म्हणाली, अहो, जरा बरं बोलावं. तोवर तुम्ही जिन्यात होता. त्यानंतर मी लिहिलेली एकही ओळ तुम्हाला दाखवली नाही. तुम्हीही मागितली नाहीत. बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही पेढे आणलेत, तेही आईच्या हातात दिलेत.

असो. मी कामाला लागले. पुरुष एकमेकांशी कसे बोलतात ते ऐकायचं ठरवलं. रोज सकाळी चहाच्या दुकानात एका कोपऱ्यात वही घेऊन बसायचे. साठीतले चौघे यायचे, शेजारी तरुण पोरं. आठ दिवसांत वहीत काय जमलं ते सांगते: पेट्रोल, गुडघा, कोणाची गाडी किती अॅव्हरेज देते, चहात आज साखर जास्त आहे. त्यातला एक जण चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तर गळ्यात हात अडकवलेला. बाकीच्यांनी विचारलं काय? "तू नव्हतास तर बाकड्यावर जागा होत होती." तो बसला आणि दुसऱ्याने त्याची बशी त्याच्या डाव्या हाताकडे सरकवली, न बोलता. मी ते लिहून घेतलं. घरी येऊन त्या सुरात प्रवेश लिहिला, नुसते टोमणे आणि गुडघे. तोही मेलेला निघाला. कमी बोलायला लावलं की मैत्री दिसते, असं नसतं. बशी सरकवणारा हात लागतो, आणि तो हात माझ्या कागदावर येत नव्हता.

मग तुमच्याकडे आणि तुमच्या त्या लेथवरच्या मित्राकडे, काकांकडे, पुन्हा बघावं लागलं.

तुम्ही त्यांना "हडपसर" म्हणायचात आणि ते तुम्हाला "पेठ". नावाने हाक मारलेली मी दोघांच्याही तोंडून ऐकली नाही. ते हडपसरचे, मळेवाले, बोलणं गावचं. तुम्ही शनिवार पेठेतले, दर वाक्याला इस्त्री केलेली. एकदा शाळेतून आम्हाला कारखाना दाखवायला नेलं होतं, तेव्हा मी तुम्हाला दोघांना कामावर पाहिलं. काका लेथवरून कातलेला जॉब काढतात, तुमच्या टेबलापाशी येतात, तो ठेवतात आणि एक शब्द न बोलता उभे राहतात. तुम्ही लगेच हात लावत नाही. गरम जॉब मोजायचा नसतो, माप खोटं येतं, हे तुम्हीच आम्हाला त्या दिवशी सांगितलंत. जॉब निवला की तुम्ही मायक्रोमीटर लावता, तीन ठिकाणी मोजता. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक निघाला तरी लाल ट्रे. "रिजेक्ट." काका जॉब उचलतात, "तुझा डोळा रिजेक्ट," म्हणतात आणि जातात. आणि अर्ध्या तासाने, जेवणाच्या सुट्टीत, तेच दोघं एका बाकावर. तुमची पोळी त्यांच्याकडे, त्यांची भाकरी तुमच्याकडे. आई रोज दोन पोळ्या जास्त द्यायची, त्यांच्या नावाने.

रविवारी मंडईत. मी पिशवी धरायला. काका बसने यायचे आणि दर गाळ्यापाशी थांबून मेथीला नावं ठेवायचे, ही मेथी हाय का गवत. तुम्ही म्हणायचात, मग तुझ्या मळ्यातली आण, आम्ही कुठे नको म्हणतोय. पुढच्या रविवारी ते मेथीची जुडी घेऊन यायचे आणि तुम्ही तिच्यातही काडी शोधायचात. तासाभरात दहा-बारा वाक्यं. मला वाटायचं तुम्ही दोघं एकमेकांना जेमतेम सहन करता. काकू गेल्या तेव्हा तुम्ही तेरा दिवस कामावरून परस्पर हडपसरला जात होतात. आईने विचारलं, काय बोलता हो त्यांच्याशी? तुम्ही म्हणालात, त्यांच्या विहिरीच्या पंपाचा वॉशर गेला होता, तो बदलला. तेरा दिवस एकच वॉशर.

तुमचं बिनसलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, त्यामुळे ते बऱ्यापैकी आठवतं. तुमच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. काकांना मोतीबिंदू होत होता, ते कोणाला सांगत नव्हते, आणि त्यांचा जॉब दर वेळी थोडा थोडा कमी भरायला लागला होता. तुम्हाला ते मोजताना कळत होतं. आणि तुम्ही, ज्यांनी साहेबाच्या शब्दावरही कधी जॉब पास केला नाही, ते गपचूप काकांचे जॉब पास करत राहिलात. तुम्हाला वाटलं असणार, राहिलंय काय, एक वर्ष. एके दिवशी काकांना संशय आला, त्यांनी पास झालेल्या ट्रेमधला आपलाच जॉब उचलून दुसऱ्याकडून मोजून घेतला. मग ते तुमच्या टेबलापाशी आले आणि सगळ्या वर्कशॉपसमोर म्हणाले, "तू माझा जॉब पास केलास?" लोक हसले म्हणे. पास केला म्हणून भांडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. काका हसले नाहीत. त्या दिवसापासून ते दुसऱ्या बाकावर जेवायला लागले.

सात महिने. तुम्ही घरी एक अक्षर बोलला नाहीत, हे सगळं आईला बसमधल्या कोणाच्या तरी बायकोकडून कळलं. आईने दोन पोळ्या जास्त द्यायचं थांबवलं नाही. तुम्ही त्या रोज परत आणत होतात. संध्याकाळी डबा उघडायचा, दोन पोळ्या निघायच्या, आई त्यांचा कुस्करा करायची आणि आपण तिघं तो खायचो. देऊ नकोस असं तुम्ही म्हणाला नाहीत, का परत आल्या असं तिने विचारलं नाही. मला त्या कुस्कऱ्याचा वास अजून नको वाटतो.

आणि मग तो रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. दारात काका, डोळ्यावर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. आत आले, थेट स्वयंपाकघरात, कारण तुम्ही तिथे होता. खिशातून कागदात गुंडाळलेला बुश काढला, वीस मिलीमीटरचा, नळीसारखा पोकळ, गनमेटलचा, अंगठ्याएवढा, पिवळाधमक, आणि ओट्याच्या कडाप्पावर ठेवला. नवा डोळा आल्यावर त्यांनी तो केला होता, तुम्हाला दाखवायला, हे मलासुद्धा कळलं. मी दारात उभी, आई गॅसपाशी. तुम्ही बुशाकडे पाहिलंत, हात लावला नाहीत. खिशात गरम झाला असेल म्हणून तो निवेपर्यंत थांबलात. तेवढा वेळ चौघंही नुसते उभे. मग तुम्ही कपाटातून मायक्रोमीटरची लाकडी डबी आणलीत, तीन ठिकाणी मोजलंत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "रिजेक्ट." काकांनी बुश उचलून खिशात टाकला आणि म्हणाले, "वहिनी, चहात आलं टाका जरा." आणि पाटावर बसले.

मी संतापले होते, बाबा. सात महिन्यांनी एक माणूस डोळा बरा करून घेऊन तुमच्या दारात येतो आणि तुम्हाला एक बरा शब्द फुटत नाही. काका गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "तुम्हाला माणूस कळतच नाही." तुम्ही म्हणालात, "असेल." सोमवारी डब्यातून पोळ्या परत आल्या नाहीत. मला वाटलं, काका मोठ्या मनाचे, म्हणून निभावलं. आणि हे वाटणं मी सव्वीस वर्षं वागवलं. नाटकात तो प्रवेश आला तेव्हा मी तुमची चूक दुरुस्त करायला बसले. तुम्हाला हात धरायला लावला, तुमच्याकडून माफी मागवली. तो प्रवेश त्या मुलांच्या तोंडात बसला नाही, यात त्यांचा काय दोष?

शेवटी गेल्या मंगळवारी मी कागद पिशवीत घातले आणि हडपसरची बस धरली. पिशवीत तुमचा मायक्रोमीटरही होता, मुलांना तो हातात धरायला शिकवायचा होता म्हणून. निवृत्त झाल्यावर तुम्ही तो मला दिलात, "तुला काय उपयोग, पण घे," असं म्हणून. मी तो पुस्तकांच्या मागे ठेवून दिला होता. काका आता चौऱ्याऐंशीचे आहेत. मळ्याच्या जागी इमारती झाल्यात आणि त्यातल्याच एकीत पहिल्या मजल्यावर ते मुलाकडे असतात. कान शाबूत, गुडघे गेलेले. मला बघून म्हणाले, "पेठ आली का? बस की." नाव आता माझ्याकडे आलंय.

मी त्यांना सगळा प्रवेश वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर विचारलं, "कोन हायती ही दोघं?" मी म्हटलं, तुम्ही आणि बाबा. ते म्हणाले, "तुझा बा माझा हात धरून असं बोलला असता, तर मी आधी डाक्टरला बोलावलं असतं." मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, काका, हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही एवढा बुश करून आणलात आणि त्यांनी तो रिजेक्ट केला. तुम्हाला वाईट वाटलं नाही? निदान थोडा कमी-जास्त असला तरी त्या दिवशी तरी...

"कमी-जास्त?" ते म्हणाले. "त्यो बरोबर हुता. वीस म्हंजे वीस."

मला समजेना. त्यांनी टीपॉयकडे बोट केलं. तिथे पंख्याने उडू नयेत म्हणून औषधांच्या कागदांवर बुश ठेवला होता. तोच. रंग काळपट झालेला, पण कडा तशाच. म्हणाले, घरून निघताना मी धा वेळा मोजला होता, आणि तुझ्या बापाने तीन वेळा मोजला, त्याला दिसलं नसंल व्हय? मी विचारलं, मग रिजेक्ट का म्हणाले? काका माझ्याकडे असे बघत राहिले, की एवढी शिकलेली बाई आणि हे सांगावं लागतं.

"मग काय म्हनला असता? पास म्हनून तर सगळं इस्कटलं हुतं."

मी पिशवीतून डबी काढली. काकांनी बुश आधी धोतराच्या सोग्याने पुसला आणि टीपॉयच्या काचेवर ठेवला. आम्ही दोघं गप्प बसून राहिलो, तो निवण्यासाठी, जरी तो दिवसभर पंख्याखालीच होता. मग मी मोजला. तुम्ही दाखवलं होतंत तसं, शेवटी टिकटिक होईपर्यंत फिरवत. तीन ठिकाणी. वीस. वीस. वीस.

ओट्यापाशी उभे राहून, हातात अचूक माप असताना तुम्ही खोटं बोललात. तुम्ही, जे कधी खोटं माप बोलत नव्हतात. फक्त दोनदा बोललात, दोन्ही वेळा त्याच माणसासाठी. पहिल्या वेळी त्याची कीव केलीत आणि दुसऱ्या वेळी ती परत घेतलीत. आणि काकांना ते ऐकताक्षणी कळलं म्हणून त्यांनी आलं मागितलं. मी दारात उभी होते, लेखिका, सगळं पाहिलं आणि काहीच ऐकलं नाही.

बुधवार ते शुक्रवार मी दुसरं काही केलं नाही. आता शेवटच्या प्रवेशाआधी रंगमंचावर मित्र एकटा आपल्या घरी बुश मोजतो आणि मोठ्याने माप वाचतो, म्हणजे बघणाऱ्याला ते माहीत असतं. मग स्वयंपाकघर. बुश निवेपर्यंत दोघं उभे राहतात, पूर्ण एक मिनिट, आणि मी एक सेकंदही कमी करणार नाही. मग "रिजेक्ट". मग आल्याचं वाक्य. पडदा. शनिवारी मुलांनी तो वाचला. त्या एका मिनिटात कोणीतरी खोकलं, मी वर पाहिलं नाही. संपल्यावर तोच पहिला मुलगा म्हणाला, "ताई, हा साला खोटं बोलला ना?" मी म्हटलं, हो. त्याने पुढे काही विचारलं नाही. निघताना दुसऱ्याने त्याचं हेल्मेट त्याच्या पोटात खुपसलं आणि म्हणाला, "धर, स्टार. उद्या वेळेवर ये." मी वही काढली नाही.

आता तुमचं चुकलं ते. मिशा लावलेल्या बायका, म्हणालात. बाबा, बायका तरी कुठे तसं बोलतात? सात महिने दोन पोळ्या डब्यात घालणारी बाई काय बोलली? पानभर निरोप माझ्या पात्रांनी घेतला, कारण मला लिहिता येत नव्हतं. त्या बायका नव्हत्या आणि पुरुषही नव्हते. कच्चा जॉब होता, गरम होता आणि तुम्ही निवायच्या आत मोजलात. दुसऱ्यांदा मोजायला मी तो आणला नाही, हा माझा दोष. काका प्रत्येक रिजेक्टनंतर परत लेथवर जात होते, मी रुसून बसले. नाटक मे महिन्यात उभं राहील. त्याच्यानंतर अजून एक लिहीन. ते कुणाला दाखवायचं हा प्रश्न आहे, पण दाखवीन.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, त्यामुळे ते डबीतच राहील. एक राहिलं. जुना प्रवेश फाडून टाकला, असं मी मुलांना सांगितलं. ते खोटं होतं. तो डबीच्या खाली, घडी करून ठेवलाय. काल पुन्हा वाचला. तुझं काम मी इतकी वर्षं बघतोय, तुझ्याइतकं नेटकं काम करणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. हे वाक्य काकांसाठी नव्हतंच, बाबा. काकांना त्याची गरज कधी पडली नाही. ते मला तुमच्याकडून ऐकायचं होतं.